मशेरी कुणी खात नाही

"हा कर."

मी तोंड उघडून हा केलं. काकीनं नाक पुढं आणलं, डोळे मिटून हुंगलं आणि मान हलवली.

"जा. चोख हाय. फुडची या."

रोज सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात हा कार्यक्रम चालायचा. मुलांची रांग बापू बघायचे, आम्हा मुलींची काकी. बापू म्हणजे दत्तोबा थोरवे, आमच्या बेंदवाडीच्या नवज्योत क्रीडा मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि प्रशिक्षक. मैदानाला पाणी मारून माती तुडवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. काकी त्यांची बायको. परक्या पोरींच्या तोंडाचा वास बाप्यानं घेणं बरं दिसत नाही, म्हणून बापूंनी हे खातं तिच्याकडे सोपवलेलं. तिनंही ते मोठ्या तोऱ्यात सांभाळलं होतं. वास घेताना ती पदर खोचून, कमरेवर हात ठेवून अशी उभी राहायची, की नाकावर पोलिसपाटलाची नेमणूक झालीय असं वाटावं.

अडचण एवढीच होती, की उठल्या उठल्या लावलेली मशेरी तोवर काकीच्या स्वतःच्या हिरड्यांवर असायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशातली गत. पण इथं गंमत अशी, की आपण चोर आहोत हे चोरालाच ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या-अधिक पोरी घरून मशेरीनं दात घासूनच यायच्या. आमच्या आया लावायच्या, आज्ज्या लावायच्या. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं आणि डबीत भरून ठेवायचं. कुणाकडे भाजायला घेतली की अख्खी आळी खोकायची आणि म्हणायची, "पारूबाईनं मशेरी घातली वाटतं." भाजलं जातंय ते काय आहे, हे न कळायला कुणी दूधखुळं नव्हतं. पण तंबाखू म्हणजे बाप्यांची, चुना मळून दाढेखाली धरायची. मशेरी म्हणजे बायकांची, दात घासायची. या दोन गोष्टी कुणी एका वाक्यात घेतल्या नव्हत्या, म्हणून त्या एक झाल्या नव्हत्या.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी शालन, मुलींच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे. बरी खेळायचे, पण माझ्यासाठी कुणी सायकल काढून बघायला यावं इतकी नव्हे. लोक यायचे ते वैजंताला बघायला. वैजंता आमची चढाईपटू. अंगानं काटकुळी, पण दम असा की समोरच्या सात जणी तिचं 'कबड्डी कबड्डी' ऐकून कंटाळायच्या आणि त्या कंटाळल्या की ही कुणाला तरी शिवून परत यायची. बापू म्हणायचे, "ह्या पोरीच्या फुफ्फुसात देवानं भाता बसवलाय."

नियम आला तो आदल्या वर्षी. तालुक्याचे सामने जिंकून मुलांचा संघ टेंपोतून परत येत होता. वाटेत कुणीतरी बाटल्या घेतल्या. गावाच्या अलीकडच्या वळणावर सुभाष म्हणून एक पोरगा झिंगून फाळक्यावर चढला आणि खाली गेला. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला. तो बापूंचा पुतण्या होता. बापू महिनाभर मैदानाकडे फिरकले नाहीत. परत आले ते भैरोबाच्या देवळात सगळ्या खेळाडूंना गोळा करूनच. पुजाऱ्यानं प्रत्येकाच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवला. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे कोर्टापेक्षा भारी. मोडली तर देव घरादारासकट बघून घेतो.

शपथ बापूंनी स्वतः रचली होती. ग्रामसेवकानं सुचवलं होतं, 'मादक पदार्थांचे सेवन करणार नाही' असं म्हणा. बापू म्हणाले, "सेवन म्हंजी काय, हे आमच्या पोरांना इचारलं तर निम्मी म्हणतील शेवया. सरळ बोला." मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं, "भैरोबाची आण, तंबाखू खाणार न्हाई, विडी वढणार न्हाई, दारू पिणार न्हाई." मोडेल तो त्या मोसमात खेळणार नाही, मग तो कुणीही असो. त्या तीन वाक्यांचा बापूंना फार अभिमान होता. आल्या-गेल्याला ती म्हणून दाखवायचे.

नियमाचा पहिला मान अण्णा पोळांच्या नितीनला मिळाला. अण्णा मंडळाचे उपाध्यक्ष, आमच्या अंगावरच्या जर्सी त्यांनीच दिलेल्या. नितीननं रांगेत 'हा' केलं आणि बापूंनी त्याचा खालचा ओठ खाली ओढला. दाढेखाली तंबाखू-सुपारीच्या माव्याचा गोळा. पोरगा पाया पडला, रडला. बापू म्हणाले, "जर्सी काढ." एवढंच. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. उपाध्यक्षाच्या पोराला एक न्याय आणि बाकीच्यांना एक, असं गावानं म्हणू नये म्हणून ओठ आवळून बसले. पण नितीननं अंथरूण धरलं. घरातून बाहेर पडेना, शाळेत जाईना. अण्णांना तो एकुलता एक. बाप रोज ते बघत होता आणि आत धुमसत होता.

त्याच सुमारास चिटणीस मॅडम येणार असल्याचा निरोप आला. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींसाठी क्रीडा वसतिगृह निघालं होतं, त्याच्या त्या प्रमुख. तालुक्याच्या सामन्यात त्यांनी वैजंताला पाहिलं होतं आणि तिला न्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. रविवारी येऊन एकदा घरचे लोक आणि प्रशिक्षक यांच्याशी बोलायचं, एक सामना बघायचा, एवढंच उरलं होतं.

वैजंताला तिथं जाणं किती गरजेचं होतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचा बाप कधीचाच परागंदा झालेला. ती आणि तिची आई पोळांच्याच मळ्याच्या बांधाला एका खोपटात राहायच्या, आई मिळेल त्याच्या रानात खुरपायला जायची. मामानं एक स्थळ आणलं होतं. नवरा बिजवर, वीटभट्टीवर मुकादम. वसतिगृहाचं जमलं नाही तर वैशाखात बार उडवायचा, असं मामानं सांगून टाकलेलं. वैजंता दहावीत होती.

"जमंल न्हवं गं, शालन?" ती मला विचारायची.

"न जमायला काय झालं? मॅडम तुझ्यासाठीच येतायत. आमचं तोंड बघायला येत न्हाईत."

"बापू सांगतील न्हवं माझं चांगलं?"

"बापू तुझं वाईट सांगतील तर उद्या सूर्य मावळतीला उगवंल."

ती हसायची. आम्ही बाकीच्या पोरी सरावाआधी शाळेच्या नळावर खळखळून चुळा भरायचो, नळाखालचा दगड काळा करून सोडायचो. वैजंता त्या घोळक्यात कधी नसायची. मला वाटायचं, ही सगळं घरूनच उरकून येते.

रविवारी मैदानाला जत्रेची कळा आली. शेजारच्या गावच्या मुलींचा संघ बोलावला होता. टेबलावर धुतलेली चादर, त्यावर तांब्या-पेला, पलीकडे मॅडमसाठी शाळेतली हातांची खुर्ची. बापूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो त्यांना टोचत असल्यासारखे ते सारखे खांदे हलवत होते. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. वैजंताची आईही कामाला खाडा करून मागं उभी होती. काकी सगळ्यांत पुढं, कारण मुलींचं खातं तिचं.

मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं मोजकं. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "थोरवे, एक विचारायचं राहिलं. आमच्या वसतिगृहात व्यसनाच्या बाबतीत फार कडक आहे. मुलगी निर्व्यसनी आहे ना? मी तपासण्या वगैरे करत नाही, प्रशिक्षकाच्या शब्दावर घेते."

या प्रश्नाची बापू वर्षभर वाट बघत होते. छाती पुढं काढून म्हणाले, "मॅडम, आमच्या मंडळात औषधाला येक व्यसनी सापडायचा न्हाई. रोज वास घेतो आमी. पोरांचा मी, पोरींचा ही." आणि त्यांनी शपथेची ती तीन वाक्यं म्हणून दाखवली. मॅडम खरंच खूष झाल्यासारख्या दिसल्या.

तेवढ्यात अण्णा पोळ उठून उभे राहिले.

"बापू, मला येक इचारायचं हाय. मॅडमम्होरंच इचारतो."

"इचारा की."

"माझ्या नितीनला तुमी काढला. मी बोललो का काय? न्हाई बोललो. नियम त्यो नियम. पोरगं घरात तोंड लपवून बसलंय. मग आता येवढंच सांगा, ह्या वैजंताच्या तोंडात काय हाय?"

सगळ्यांच्या माना वैजंताकडे वळल्या. ती आमच्यात बसून गुडघ्याला पट्टी बांधत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काळी रेघ होती. तशी रेघ माझ्याही ओठाला असणार.

बापू हसले. मनापासून हसले. "मशेरी हाय, अण्णा. त्यात काय? माझी मंडळीबी लावती."

"मशेरी कशाची करत्यात?"

उत्तर प्रत्येकाला येत होतं. बायकांनी एकीनं दुसरीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावले. बापूंचं हसू ओठावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. त्यांच्या घरी आठवड्याला तवा चढत होता, ते स्वतः त्या धुरानं शिंकत बाहेर येऊन बसायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आज कुणीतरी त्यांचा हात धरून त्यांच्याच काखेत घातला होता.

त्यांना सावरलं काकीनं.

"अवो अण्णा," ती पुढं होऊन म्हणाली, "कायतरीच काय बोलता? मशेरी काय खात्यात व्हय? मशेरी लावत्यात."

खसखस पिकली. अण्णाही जरा गडबडले. "लावा न्हाईतर माखा, वहिनी. पान तंबाखूचंच न्हवं?"

"असंना का! शपथ काय घातलीया? खाणार न्हाई, वढणार न्हाई, पिणार न्हाई. लावणार न्हाई असं कुठं हाय? सांगा. हितं सगळे हायेत." आणि तिनं बायकांकडे वळून विचारलं, "मशेरी कुणी खातं का गं?"

"न्हाई बया," बायका एका सुरात म्हणाल्या.

"दात कुणी खातं का? दात घासत्यात," कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं भर घातली. आमच्या गावाला शब्दाचा असा पेच मिळाला की जेवण लागत नाही. दोन तट पडले. कुणी म्हणे, अंगाला तेल लावलं म्हणजे तेल प्यालं असं होतं का? कुणी म्हणे, विंचू चावला काय आणि डसला काय, इख चढायचं राहतंय का? अण्णांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मंडळाचा नियम आहे, त्याचा अर्थ तुम्ही लावा. मला थोरव्यांचा शब्द पुरेसा आहे."

मी बापूंकडे बघत होते. नाकासमोर चालणारा माणूस. आयुष्यात कधी आडवाटेला पाऊल न टाकलेला. काकीनं त्यांच्यासमोर एक चोरवाट उघडून दिली होती आणि ती वाट खोटीही नव्हती, अक्षरशः शपथेतल्या शब्दांमधूनच गेलेली होती. त्यांना वैजंताला पाठवायचं होतं. मग त्यांनी हाक मारली.

"वैजंता, हिकडं ये."

ती एका पायाची पट्टी तशीच लोंबत ठेवून पुढं गेली.

"बेलभंडार उचलला हुतास न्हवं?"

"व्हय."

"मग भैरोबाला म्होरं ठिवून सांग. तू तंबाखू खातीस का?"

'खातीस' वर त्यांनी असा जोर दिला, की मैदानाच्या पार टोकाच्या लिंबाखाली बसलेल्यांनाही कळावं, उत्तर काय द्यायचं ते. एक शब्द. 'न्हाई.' खराही, सोयीचाही. मी तो मनातल्या मनात म्हणूनही टाकला. काकी तर ओठांनी आकार करून दाखवत होती.

वैजंतानं बापूंकडे बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या आईकडे.

"खाती, बापू," ती म्हणाली.

"अगं येडी का खुळी तू!" काकी ओरडली. "लावतीस म्हण. लावतीस."

"सगळ्या लावत्यात, काकी. लावून थुकत्यात. मी थुकत न्हाई." तिचा आवाज चढाईला जातानाचा होता, एका पट्टीतला, न थांबणारा. "मी गिळती."

"गिळतीस? आगं, कशापायी?"

"थुकली की भूक लागती. गिळली की जरा गरगरतंय, पन मग दुपारपातूर पोट काय मागत न्हाई. आय बी तसंच करती."

वैजंताची आई पदर डोक्यावरून पुढं ओढून आहे तिथंच खाली बसली. काकीचा कमरेवरचा हात खाली आला. ती रोज सकाळी आम्हाला विचारायची, "खाऊन आलायसा न्हवं गं?" आणि आम्ही सगळ्या एकदम म्हणायचो, "व्हय काकी." त्यात वैजंताचाही आवाज असायचा.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तिची कणव आली नाही. मला राग आला, आणि तो तिचाच आला. दोन अक्षरं बोलायला काय जात होतं हिचं? वीटभट्टीवरचा तो मुकादम डोळ्यांपुढं उभा राहिला. वाटलं, हिला खांदे धरून गदागदा हलवावं आणि बापूंना परत विचारायला लावावं. कणव नंतर आली, आणि आली ती अजून जायची आहे.

अण्णा पोळ म्हणाले, "बापू, ऱ्हाऊ द्या. मला काय असं..." त्यांच्याच मळ्याच्या बांधावर ते खोपट होतं. "बसवा खाली तिला. सामना सुरू करा."

"आता तुमी बोलू नका, अण्णा," बापू म्हणाले. रागानं नव्हे. मग वैजंताला म्हणाले, "नितीनला काढला. तुलाबी काढाया लागंल."

"व्हय, बापू."

"ह्या मोसमात मंडळाकडनं खेळायचं न्हाई."

"व्हय."

बापू मॅडमकडे वळले. इस्त्रीचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता. "मॅडम, मघाचा शब्द मी मागं घेतो. ही पोरगी निर्व्यसनी न्हाई." आणि एवढं बोलून त्यांनी मान वळवली ती बराच वेळ परत फिरवली नाही. गावासमोर त्यांना रडताना बघायची ती आमची पहिली वेळ. सुभाषचा पाय गेला तेव्हाही त्यांनी तोंड कोरडं ठेवलं होतं.

मॅडमनी कप टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी वैजंताला जवळ बोलावलं.

"सोडता येईल तुला?"

वैजंतानं उलट विचारलं, "तितं सकाळचं काय देत्यात?"

"दूध. अंडी. उसळ. कधी पोहे."

"रोज?"

"रोज."

वैजंतानं थोडा विचार केला. खरोखरच विचार केला, बाजारात वस्तू पारखून घेतात तसा. "मग लागायची न्हाई," ती म्हणाली.

"जूनमध्ये ये," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर बघेन. सुटली नाही तर परत पाठवेन." मग बापूंच्या पाठीकडे बघून त्यांनी पुढं म्हटलं, "थोरवे, तुमच्या शब्दावर घेते म्हणाले होते. तुमच्याच शब्दावर घेतेय."

वैजंता जूनमध्ये गेली. मामानं थयथयाट केला, पण त्याला आडवे आले ते अण्णा पोळ. वैजंताच्या आईला त्यांनी घरात स्वयंपाकाला ठेवलं. त्यामागं काय होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लागायची नाही असं म्हणणं सोपं होतं. पोट भरलं तरी हिरड्या मागायच्या, डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटावंसं वाटायचं, पहिल्या महिन्यात दोनदा ती पळून यायला निघाली होती, असं वैजंतानंच मला पुढं सांगितलं. तिथं राहून ती राज्याकडून खेळली. पण त्या रविवारचं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते या सगळ्यातलं काहीच नाही.

मॅडमचं बोलणं संपताच काकीनं वैजंताचं मनगट धरलं आणि सगळ्यांच्या देखत तिला घराकडे ओढत नेलं. बापूंचं घर शाळेच्या मागच्याच आळीत. पाहुणा संघ ताटकळला होता, म्हणून सामना घ्यावाच लागला. वैजंताच्या जागी यमुना खेळली. आम्ही असा सपाटून मार खाल्ला, की पाहुण्या पोरींनाच शेवटी आमची दया येऊन त्या हळू खेळायला लागल्या. बापू रेषेबाहेर उभे होते, पण एकदाही ओरडले नाहीत. दोन्ही डाव झाले, हातात हात देऊन झाले, मॅडमना गाडीत बसवून झालं. मग चादर, तांब्या आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन मी आणि यमुना बापूंच्या मागून त्यांच्या घरी गेलो.

बापूंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पण आत गेले नाहीत. दारातच उभे राहिले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

काकी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं आमच्याकडे बघितलं नाही.

"पोर कुठाय?" बापूंनी विचारलं.

"चुलीम्होरं."

"काय करतीया?"

"जेवतीया."

"आगं, सामना संपला आमचा."

"व्हय," काकी म्हणाली. "ती अजून जेवतीया."